खुलासा: गेज आणि ईसीयूचे आकडे जुळत नाहीत, म्हणजे सेन्सर खराब असे नाही

वाइडबँडच्या (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा आणि पेट्रोलचे प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरच्या) गेजवर 14.7 आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) लॉगमध्ये 14.9 दिसले की ‘सेन्सर गेला, नाहीतर मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. मोकळ्या हवेतल्या कॅलिब्रेशनने सेन्सरचे वाचन सुधारते. पण इथे गेजला वाचन मिळालेलेच आहे, ते व्होल्टेजच्या रूपात ईसीयूपर्यंत पोचताना बिघडते आहे.

समजा, कंट्रोलरचे (सेन्सरचे वाचन व्होल्टेजमध्ये बदलून ईसीयूला पाठवणाऱ्या डब्याचे) आउटपुट 0 व्होल्टला 10 आणि 5 व्होल्टला 20 एएफआर (हवा-पेट्रोलचे प्रमाण) असे आहे. 14.7 साठी 2.35 व्होल्ट हवेत. ईसीयूला 2.45 दिसले, की लॉगमध्ये 14.9 आलेच. हा 0.1 व्होल्ट बहुतेक वेळा अर्थिंगमधून येतो. सेन्सरचा हीटर बराच करंट खेचतो. सिग्नलची आणि हीटरची अर्थ एकच असेल तर त्या वायरीवर व्होल्टेज पडते आणि कंट्रोलरची अर्थ ईसीयूच्या अर्थपेक्षा वर उचलली जाते. मिश्रण आहे त्यापेक्षा लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, दिसते, आणि लॉगवर विसंबून ट्यूनिंग करणारा विनाकारण पेट्रोल वाढवतो.

सॉफ्टवेअरमध्ये 0.2 वजा करून भागत नाही, कारण हेडलाइट किंवा फॅन लागला की फरक बदलू शकतो. आधी सिग्नलची अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जोडा, हीटरची वेगळी ठेवा. मग कंट्रोलरमधून दोन स्थिर व्होल्टेज पाठवून ईसीयू काय वाचतो ते मल्टिमीटरशी ताडा आणि त्या दोन बिंदूंवरून स्केल बसवा.