नणंद-भावजय आणि व्हाइट हाउस

इथे न्यू जर्सीत चार मराठी घरं जेवायला जमली आणि विषय निवडणुकीवर गेला, की एक वाक्य ठरलेलं: "आपल्याकडे 1966 सालीच बाई पंतप्रधान झाली, यांना अजून जमत नाही!" मग मी विचारते, महाराष्ट्रात बाई मुख्यमंत्री कधी झाली? लगेच कुणीतरी श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवतं.

2024 मध्ये अमेरिकेतला आणि महाराष्ट्रातला, दोन्हीकडचा प्रचार ऐकला. कमला हॅरिस आपण बाई असल्याबद्दल जवळपास अवाक्षर काढत नव्हत्या. त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात त्यांच्या बहिणीची नात त्यांचं भाषण ऐकत उभी आहे, असा एक पाठमोरा फोटो गाजला होता. मुलाखतीत त्याबद्दल विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं ते असं: वंश-लिंग काहीही असो, सगळ्या अमेरिकनांसाठी या कामाला मीच योग्य आहे, म्हणून उभी आहे. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी नेमकं उलट केलं होतं. त्या बाई असल्याचं भांडवल करतात, असं ट्रम्प म्हणाले, तेव्हा त्या तोच मुद्दा मिरवत राहिल्या. हरल्या दोघीही. आणि एवढं करून नातीगोती सुटली का? नाहीच. मुलं मला जमिनीवर ठेवतात, हॅरिसना तसं कुणी नाही, असा टोला सारा हकबी सँडर्स यांनी मारला. त्या स्वतः आर्कान्सॉच्या गव्हर्नर!

तरी बारामतीपुढे हे काहीच नाही. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर आल्या आणि लढत झाली नणंद-भावजयीची. अजितदादा म्हणाले, मुलाला, वडिलांना, लेकीला निवडून दिलंत, आता सुनेला द्या. त्यावर शरद पवारांनी 'मूळ पवार' आणि 'बाहेरून आलेले पवार' असा फरक सांगितला. चाळीस-चाळीस वर्षं नांदलेल्या सासुरवाशिणींनी हे ऐकून काय म्हणावं? डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा सुप्रियाताई शेतकऱ्यांच्या मोर्चात चालल्या होत्या. पण चॅनलवर चर्चा कसली, तर घर कुणाचं. ताई दीड लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या, सुनेत्राताई पुढे राज्यसभेवर गेल्या.

ताई-वहिनी म्हणण्याला माझा आक्षेप नाही. भर सभेत बाईला पुरुषांना खडसावता येतं, ते बरेचदा त्या ताईपणाच्या जोरावर. बंगालात दीदी आणि तमिळनाडूत अम्मा मुख्यमंत्री झाल्याच. पण त्या दोघींच्या हातात पक्ष होता, तिकिटं त्या वाटत होत्या. गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 मध्ये मुख्यमंत्री झाल्या, त्या वडील भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर. आपल्याकडे तिकीट घरातूनच मिळतं, म्हणून भाषणही घरचंच होतं. उमेदवार बाईला शब्द जपून वापरायला सांगण्याआधी तिकीट वाटणाऱ्यांच्या बैठकीत किती बायका असतात, हे एकदा मोजा.