‘वाळू भाजायला काय अक्कल लागते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सह्याद्रीपुत्र,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि उत्तर सकाळवर ढकललं. सकाळीही राग तेवढाच आहे, म्हणून लिहूनच टाकतो.

विजेवरच्या गाड्यांच्या मोटरीत लागणाऱ्या निओडिमियम धातूच्या ताकदवान चुंबकांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. विशाखापट्टणमच्या प्रकल्पाबद्दल मी चुकीचं लिहिलं, फेराइटच्या, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेल्या साध्या चुंबकांच्या मोटरींचा विचार केला नाही, आणि तिसरा तुमच्याच शब्दांत: “केरळपासून ओडिशापर्यंत वाळू पडलीय, ती भाजून चुंबक करायला काय अक्कल लागते? खुर्चीत बसून रडगाणं गाणाऱ्यांना हे कळायचं नाही.”

पहिली चूक मान्य. वर्षाला ३,००० किलोंचा तो प्रकल्प सॅमॅरियम-कोबाल्ट या वेगळ्या धातूंच्या चुंबकांचा आहे, निओडिमियमचा नाही. दुरुस्ती केली आहे. हे सांगायला दोन सभ्य ओळी पुरल्या असत्या.

आता ‘अक्कल’. त्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज असतं आणि मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम, म्हणून तिला कुणीही फावडं लावू शकत नाही. थोरियम वेगळं काढलं तरी हाती येतो तो दहा-बारा मूलद्रव्यांचा गुंता. निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम तर सख्ख्या भावांसारखे, एकाला सोडवायला गेलं की दुसरं बरोबर येतं. मग ऑक्साइडपासून धातू, धातूत लोखंड आणि बोरॉन. भाजणं अजून आलेलंच नाही.

खुर्चीचं म्हणाल, तर भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी पाच वर्षं याच कामावर उभा होतो. मिश्रधातूला हायड्रोजन पाजला की तो आपोआप भुगा होतो. पुढे नायट्रोजनच्या झोतात त्याची तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी करतात. तिला हवा लागली की ती पेटते. एकदा गॅस्केट सैल राहिलं. झाकण उचलताच भुकटीवर लाल ठिणग्या धावल्या आणि शेजारच्या सहकाऱ्याचा तळहात भाजला. विझवायला पाणी चालत नाही, आम्ही कोरडी वाळू ओतली. वाळूचा उपयोग मी तिथे पाहिलाय!

ही भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबायची, म्हणजे प्रत्येक कण एकाच दिशेला तोंड करतो. मग निर्वात भट्टीत १,०५० अंशांच्या आसपास. वडी आकसते, तीही सगळ्या बाजूंनी सारखी नाही, म्हणून साचा आधीच त्या हिशेबाने करावा लागतो. आमचे लागोपाठ नऊ लॉट बाद झाले. वड्या दिसायला देखण्या, पण मोटर तापली की चुंबकत्व ढासळायचं. कुठेतरी ऑक्सिजन शिरत होता. तो कुठून शिरतो हे आम्हाला सापडायच्या आत मालकांनी लाइन बंद केली आणि चिनी ठोकळे आणून कापायला सुरुवात केली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नव्हतो. याला तुम्ही रडगाणं म्हणता?

आणि अक्कल एकदा आली की कायमची राहते असंही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे क्रोट, या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हा निओडिमियमचा चुंबक शोधला. जनरल मोटर्सने त्यासाठी काढलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली गेली आणि काही वर्षांत अमेरिकेतलं उत्पादन चीनला गेलं. एप्रिल २०२५मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि आपल्या बजाजच्या चेतक ई-स्कूटरच्या उत्पादनाला फटका बसला, तेव्हा वाळू किनाऱ्यावर होतीच ना? असे चुंबक देशात बनवण्यासाठीच्या केंद्राच्या ७,२८० कोटींच्या योजनेचं मी लेखात मनापासून स्वागत केलंय. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.

फेराइटबद्दल एवढंच, की तेवढ्याच ताकदीला मोटर जड आणि मोठी होते. याहून जास्त चर्चा, ज्यांनी माझी अक्कल काढली त्यांच्याशी करायची माझी इच्छा नाही.