पंधरा मिनिटांचा न्याय आणि दहा वर्षांच्या पेश्या

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, हे बरोबरच आहे नं?” ती एकोणीस वर्षांची आहे, रात्री शिकवणीहून स्कूटीने एकटी घरी येते, आणि तिचा प्रश्न भीतीतून आलेला आहे हे मला कळते. म्हणूनच तिच्या भीतीचा असा वापर करणाऱ्या त्या संदेशाचा मला मनस्वी राग आला. “नागपूरने २००४ साली रस्ता दाखवला, देशाने आता त्यावर चालावे,” असा त्याचा मथळा आहे. त्यात म्हटले आहे की कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायांनी अक्कू यादव या गुंडाला पंधरा मिनिटांत संपवले, त्यांना कोणी हातही लावला नाही आणि वस्ती कायमची सुरक्षित झाली. २०१९ साली हैदराबादच्या पोलिसांनी तेच केले आणि तिथे बलात्कार थांबले. न्यायालये फक्त गुन्हेगारांना जपतात, कसाबला बिर्याणी खाऊ घालतात. तेव्हा वकील, जामीन, खटला हे सारे बंद करून आरोपीला गोळी घालावी आणि त्याचे घर पाडावे, एवढे त्यात सांगितले आहे.

आधी कस्तुरबा नगर, कारण ज्या शहरात हे घडले त्याच शहरातल्या मुलीला ते खोटे सांगितले जात आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादवची हत्या जिल्हा न्यायालयात झाली आणि तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात होता, इथपर्यंत संदेश खरा आहे. त्यापुढचे “कोणी हातही लावला नाही” हे वाक्य लिहिणाऱ्याने त्या बायांची दहा वर्षे पुसून टाकली आहेत. काही महिलांना लगेच अटक झाली, तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, खुनाचा खटला उभा राहिला, आणि मोलमजुरी करून घर चालवणाऱ्या माणसांनी रोजी बुडवून वर्षानुवर्षे पेश्या केल्या. तोवर हयात असलेल्या १८ आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये. काही आरोपी तर निकाल ऐकायला उरलेच नव्हते. ज्याला हा संदेश पंधरा मिनिटांचा न्याय म्हणतो, त्याचा हिशेब त्या वस्तीने दहा वर्षे चुकता केला, आणि त्या दिवशी नेमके कोणी मारले हे न्यायालयात आजही सिद्ध झालेले नाही.

याहून मोठी गोष्ट संदेशात मुळीच नाही. त्या बाया न्यायालयापर्यंत अशा का पोहोचल्या? खंडणी, बलात्कार, खून हे सारे त्या वस्तीने अनेक वर्षे सोसले होते, आणि तक्रार द्यायला गेलेल्या बाईचे नाव ती घरी पोहोचण्याआधी त्या गुंडाला कळत असे, असे तिथल्या रहिवाशांनी तेव्हा उघडपणे सांगितले होते. म्हणजे त्यांचा विश्वास न्यायाधीशासमोर तुटण्याआधी पोलीस ठाण्याच्या दारात तुटला होता. अक्कू यादव जिवंत राहिला असता आणि त्याच्यावर नीट खटला चालला असता, तर त्याला कोणी पाठीशी घातले, कोणी तक्रारी दाबल्या, हे शपथेवर, उलटतपासणीसह नोंदीत आले असते. त्याच्या मृत्यूने तो प्रश्नच बंद झाला. एका गुंडाच्या मृत्यूने वस्तीने सुटकेचा श्वास टाकला असेल, आणि त्याबद्दल त्या बायांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्याच दिवशी खाकीतल्या ज्या कोणी त्याला पोसले असेल त्यांनीही सुटकेचा श्वास टाकला, हे विसरून चालणार नाही. आणि गुंड घाबरले म्हणावे, तर २०१२ साली याच शहरातल्या दुसऱ्या एका झोपडपट्टीत जमावाने आणखी एका गुंडाला मारले. जरब बसली असती तर आठ वर्षांत तोच प्रसंग दुसऱ्या वस्तीवर आला नसता.

हैदराबादचे उत्तर नागपूरच्याच एका माणसाने दिलेले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे एका तरुण पशुवैद्यक महिलेवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, आणि ६ डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. या चकमकीच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते न्या. विकास सिरपूरकर, ज्यांनी आपल्या नागपूर खंडपीठात वकिली केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून काम केले. मे २०२२ मध्ये त्यांचा अहवाल उघड झाला. आरोपींनी शस्त्रे हिसकावली ही पोलिसांची कथा आयोगाने अविश्वसनीय ठरवली, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या असा निष्कर्ष काढला, चारपैकी तीन जण त्या वेळी अल्पवयीन असल्याचे सांगितले आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. जमावाने केलेली हत्या जशी मान्य होऊ शकत नाही तसा झटपट न्यायही मान्य होऊ शकत नाही, असेही त्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. त्या अहवालावरील कारवाई पुढे न्यायालयीन वादात अडकली याचे मला वाईट वाटते, पण त्यामुळे त्यातला पुरावा खोटा ठरत नाही.

त्या चकमकीवर फुले उधळली गेली, आणि एक गोष्ट मागे पडली. ती मुलगी बेपत्ता झाली त्या रात्री तिचे कुटुंब तक्रार घेऊन गेले असता हद्द कोणत्या ठाण्याची यावर वेळ गेला, आणि या दिरंगाईबद्दल तीन पोलीस निलंबित झाले. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणातही हेच. चिमुकल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन् तास थांबावे लागले, आणि पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. चकमकींची स्वतंत्र चौकशी कशी व्हावी याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात बरोबर दहा वर्षे आधी, २३ सप्टेंबर २०१४ ला घालून दिले होते. बदलापूरच्या आरोपीच्या मृत्यूबद्दल दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलीस जबाबदार धरले गेले. दोन्ही ठिकाणी आधी तक्रारीला उशीर आणि नंतर बंदुकीची घाई. राहिला बलात्कार थांबल्याचा दावा. २०२२ या एका वर्षात देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले, हे सरकारी आकडे आहेत. गोळीला घाबरून कोणीही थांबलेले नाही.

“खटला कशाला, दोषी कोण ते सर्वांना माहीतच असते,” हे संदेशातले सर्वांत घातक वाक्य आहे, आणि माझ्या भाचीला तेच सर्वांत पटले होते. तिला मी नाशिकचे प्रकरण सांगितले. जून २००३ मध्ये तिथे एका कुटुंबावर दरोडा, खून आणि बलात्कार असा भयंकर प्रसंग ओढवला. भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दोषी कोण ते तेव्हा खरोखरच सर्वांना माहीत होते. मग तेच प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतीच चार माणसे ओळखली होती, आणि तपास अधिकाऱ्यांनी त्या चौघांचा पाठपुरावाच केला नव्हता. या सहा जणांचे आयुष्य तुरुंगात सडले. सोळा वर्षांनंतर प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. या सहा जणांना २००३ साली गोळ्या घातल्या असत्या तर टाळ्याच पडल्या असत्या. आणि ती चार माणसे? त्यांचे काय झाले, हा प्रश्न त्या उद्ध्वस्त कुटुंबाला न्याय मिळाला की नाही याचाच प्रश्न आहे.

बिर्याणीबद्दल फार लिहीत नाही. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, असे त्या खटल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः २०१५ साली जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबर २००८ चा गुन्हा, आणि तीन न्यायालयांतून जाऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी. खटला चालवूनही हे झाले. घरे पाडण्याचेही आपण नागपुरात पाहिले. मार्च २०२५ च्या दंगलीनंतर झालेली पाडापाडी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने थांबवली आणि महापालिका आयुक्तांना माफी मागावी लागली, कारण आधी नोटीस व सुनावणी हवी असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्येच झालेला होता. आरोपीच्या घरात त्याची म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलेही राहतात.

न्यायालये फार उशीर लावतात, हे मात्र मला मान्य करावे लागते, आणि ते मी आनंदाने करत नाही. देशात पाच कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असे विधी आयोगाने १९८७ साली सांगितले होते. आज ते १५ च्या आसपास आहेत. तुरुंगांतील दर चार माणसांपैकी तीन जणांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. हिंगणघाटच्या प्राध्यापिकेला जाळणाऱ्याला तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत जन्मठेप झाली, पण त्या खटल्यावर साऱ्या राज्याचे डोळे होते. ज्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत त्यांचे खटले असे चालत नाहीत. तेव्हा लोकांचा राग खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो राग ज्या दिशेला वळवला जात आहे, ती दिशा खोटी आहे.

दुरुस्ती कुठे करायची, हेही लिहून ठेवलेले आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवलाच पाहिजे, असे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ठरवले. तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्त सांभाळणारे पोलीस वेगळे असावेत, ठाणेदाराची मनात येईल तेव्हा बदली होऊ नये, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण असावे, हे प्रकाश सिंह खटल्यात २००६ सालीच सांगितले गेले. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना २०१८ पासून कायद्यासारखी लागू आहे. यातले काहीही त्या संदेशात नाही, कारण यासाठी सरकारकडे मागणी करावी लागते, आमदाराला जाब विचारावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात.

माझ्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलीचा एक टोळभैरव सहा महिने पाठलाग करत होता. ती मायलेक पहिल्यांदा ठाण्यात गेली तेव्हा साध्या नोंदीवर त्यांची बोळवण झाली आणि “आपसात मिटवा” असा सल्ला मिळाला. दुसऱ्यांदा मी ललिता कुमारी निकालाची प्रत घेऊन सोबत गेले, तीन तास बाकावर बसलो, आणि गुन्हा नोंदवला गेला. तो मुलगा जामिनावर सुटला. पाठलागाच्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यात जामीन हा त्याचा हक्कच आहे, आणि मला त्याचे वैषम्य नाही. मला चिंता आहे ती त्याचे मित्र संध्याकाळी या मुलीच्या दारासमोर उभे राहू लागले आहेत त्याची. साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करायचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. भाची म्हणाली की सोमवारी तो द्यायला ती आमच्यासोबत येणार आहे.