बेल्ट दिलाच नव्हता, तर लावणार कुठून?
‘सेफ्टी बेल्ट न लावता पडलेल्या कामगाराला नुकसानभरपाई मागता येत नाही’ हे लेखातील विधान चुकीचे आहे. 2018 मध्ये लातूरला माझा चुलतभाऊ परांचीवरून पडून त्याचा खुबा मोडला, तेव्हा ठेकेदारानेही हेच ऐकवले. प्रत्यक्षात साइटवर एकही बेल्ट नव्हता. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार, दिलेले सुरक्षा साधन कामगाराने जाणूनबुजून टाळले असेल तरच ही सबब चालत असे, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तीही चालत नसे.

भावाचे नाव हजेरीपटावर नव्हते. मुकादमाच्या सिमेंटने माखलेल्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे ‘उचल 500’ असे लिहिलेले होते, आणि त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोच पुढे नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर, तो तिथे कामाला होता याचा पुरावा म्हणून कामी आला.