अमेरिकेत गाजले नाहीत म्हणून लहान? ‘द ट्रॅजिकली हिप’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘द ट्रॅजिकली हिप’ या कॅनडाच्या रॉक बँडवरच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या किंग्स्टन शहरातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत जमलेल्या पोरांचा हा एक बरा बार बँड. कॅनडाच्या रेडिओवर देशी गाण्यांना राखीव जागा असते, तिच्या जोरावर तो वाढला. अमेरिकेत त्याला कुणी विचारलं नाही. २००० नंतर त्यांच्याकडून ऐकण्यासारखं काही आलं नाही. आणि गायक गॉर्ड डाउनीला कॅन्सर झाला तेव्हा देश हळवा झाला, त्या लाटेत माझ्यासारखे लोक त्यांना थोर म्हणू लागले.

यातला अमेरिकेचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बाकीच्या मुद्द्यांवर तर माझं मत अगदी उलट आहे.

आधी रेडिओवरच्या या राखीव कोट्याचं बघू. १९७१ पासून कॅनडाच्या एएम रेडिओवर ३० टक्के गाणी कॅनेडियन असणं बंधनकारक झालं आणि १९९९ मध्ये व्यावसायिक केंद्रांसाठी ते प्रमाण ३५ टक्के झालं. संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण किंवा सादरीकरण आणि शब्द, या चारपैकी साधारणपणे दोन गोष्टी कॅनेडियन हव्यात असा नियम. तो किती विचित्र होता हे १९९१ मध्ये दिसलं. कॅनेडियन गायक ब्रायन अ‍ॅडम्सने एका परदेशी निर्मात्यासोबत गाणी लिहिली आणि त्याचा जगभर गाजलेला अल्बम या हिशेबात ‘कॅनेडियन’ ठरला नाही, त्यावरून मोठा वाद झाला. नियमामुळे देशातल्या बँडना रेडिओचं दार उघडलं, हे खरंच. पण ते दार शेकडो बँडसाठी उघडं होतं. त्यातल्या किती जणांची गाणी पुढच्या पिढीला तोंडपाठ आहेत? रेडिओ गाणं कानावर घालतो, लोकांना तिकीट काढून पुन्हा पुन्हा हॉलमध्ये आणत नाही. ते काम बँडलाच करावं लागतं.

आणि हिपने ते फार चिकाटीने केलं. १९८४ मध्ये सुरुवात झाली तेव्हा रॉब बेकर आणि गॉर्ड सिंक्लेअर हे शाळेपासूनचे मित्र, डाउनी क्वीन्समध्ये सिनेमाचा अभ्यास करणारा, आणि ड्रमवर बसलेला जॉनी फे तर अजून शाळेतच. साठच्या दशकातलं ब्रिटिश रॉक आणि रिदम अँड ब्लूज वाजवत हे किंग्स्टनच्या पबमध्ये उभे राहायचे. १९८६ मध्ये सॅक्सोफोनवाला गेला, डाउनीचा जुना मित्र पॉल लँग्लोआ गिटार घेऊन आला, आणि त्यानंतर हे पाच जण शेवटपर्यंत तेच राहिले. एकही माणूस बदलला नाही. तीस वर्षं! रॉकच्या दुनियेत पैशावरून, श्रेयावरून, अहंकारावरून बँड फुटतात. या पाच जणांनी फार लवकर गाण्यांचं श्रेय बँडच्या नावावर द्यायला सुरुवात केली. ओळी कुणाला सुचल्या, सूर कुणाला सापडला, याचा हिशेब ठेवायचा नाही. माझ्या मते त्यांच्या टिकण्याचं खरं कारण तिथे आहे, आणि ती सवय विद्यार्थिदशेतल्या मैत्रीतून आलेली आहे.

‘बार बँड’ हा शब्द तुम्ही हिणवण्यासाठी वापरलात. मला तो त्यांच्यासाठी मोठा वाटतो, कारण बारमध्ये शिकलेली एक गोष्ट त्यांनी स्टेडियममध्येही सोडली नाही. ‘न्यू ऑर्लीन्स इज सिंकिंग’ हे १९८९ च्या ‘अप टू हिअर’ अल्बममधलं गाणं. मैफलीत हे गाणं मध्यावर आलं की बेकर, लँग्लोआ, सिंक्लेअर आणि फे तोच ठेका धरून ठेवायचे, आणि डाउनी मूळ शब्द सोडून भलतीच गोष्ट सांगायला लागायचा. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉक्सी क्लबमध्ये त्याने किलर व्हेलच्या टाकीत काम करणाऱ्या माणसाची गोष्ट रंगवली. ते रेकॉर्डिंग चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं हातोहात फिरत होतं. आज ते ऐका. मागचा ठेका जराही ढळत नाही, गायक कुठे चाललाय हे बाकीच्यांना नेमकं ठाऊक नाही, तरी तो परत येईल याची त्यांना खात्री आहे. पुढे ‘नॉटिकल डिझास्टर’ आणि ‘अहेड बाय अ सेंच्युरी’ या गाण्यांचे तुकडे याच मोकळ्या जागेत, लोकांसमोर घडत गेले. आपल्याकडे मैफलीत गवई बंदिशीच्या मुखड्यावर परत येतो तेव्हा साथीदार जसे त्याची वाट बघत असतात, अगदी तसं हे ऐकू येतं. ज्याला हे बारचं काम वाटतं त्याने असा ठेका दहा मिनिटं धरून दाखवावा.

आता अमेरिका. तुम्ही लिहिलंत, ‘इतके चांगले होते तर सीमेपलीकडे का चालले नाहीत?’ प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ‘अप टू हिअर’ मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला, ‘रोड अ‍ॅपल्स’ न्यू ऑर्लीन्समध्ये, ‘फुली कम्प्लीटली’ लंडनमध्ये. २५ मार्च १९९५ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात ते वाजवून आले, त्याच वर्षी ‘लेड झेपलिन’वाल्या पेज आणि प्लांट यांच्या अमेरिकन दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर उभे राहिले, १९९९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवालाही गेले. बफेलो आणि डेट्रॉइटसारख्या सीमेलगतच्या शहरांत त्यांना गर्दी व्हायची. त्यापुढे मात्र गाडी सरकली नाही.

पण याच काळात ते काय गात होते ते बघा. ‘फुली कम्प्लीटली’ १९९२ चा. त्यातलं ‘फिफ्टी मिशन कॅप’ हे बिल बॅरिल्कोवर आहे. एप्रिल १९५१ मध्ये टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाच्या या तरुण खेळाडूने मॉन्ट्रियलविरुद्ध जादा वेळेत गोल मारून स्टॅन्ली कप जिंकून दिला. ऑगस्टमध्ये तो मित्राच्या छोट्या विमानातून मासेमारीला उत्तरेकडे गेला आणि परतलाच नाही. लीफ्सना पुढचा कप मिळाला १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी त्या विमानाचे अवशेष आणि त्याचा मृतदेह सापडला. ही सगळी हकिगत डाउनी हॉकी कार्डच्या मागे छापलेल्या मजकुरासारखी, कोरड्या आवाजात सांगतो. दुःखाचा एक शब्द नाही. म्हणून ती जास्त लागते.

त्याच अल्बममधलं ‘व्हीट किंग्ज’ लून पक्ष्याच्या हाकेने सुरू होतं. कॅनडातल्या तळ्याकाठी रात्र काढलेल्या कुणालाही ती हाक चटकन ओळखू येते. त्या हाकेनंतरचं सगळं गाणं डेव्हिड मिलगार्डचं. १९६९ मध्ये सास्काटूनमध्ये झालेल्या खुनासाठी कोवळ्या वयात पकडलेला हा मुलगा २३ वर्षं तुरुंगात राहिला. १९९२ मध्ये सुटला, आणि १९९७ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध केलं की खून त्याने केलाच नव्हता. म्हणजे गाणं आलं तेव्हा विज्ञानाचा निकाल लागायचा होता. एवढ्या मोठ्या बँडने त्या माणसाच्या बाजूने गायचं ठरवलं, तेही घोषणा न देता, गव्हाच्या शेतांच्या आणि शाळेतल्या भिंतीवरच्या पंतप्रधानांच्या तसबिरींच्या आडून.

ओहायोतल्या श्रोत्याला बॅरिल्को कोण, मिलगार्ड कोण हे कळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी समजावून सांगितलं नाही आणि नावंही बदलली नाहीत. ‘बॉबकेजन’ हे ऑन्टारिओतल्या तळ्यांच्या भागातलं छोटंसं गाव आहे. त्याच नावाच्या त्यांच्या गाण्यात टोरांटोत नोकरी करणारा पोलीस तिथल्या आपल्या माणसाकडे जातो, आणि मध्येच शहरातल्या मैफलीत वंशद्वेष्ट्यांनी केलेली दंगल येते, जिचा संबंध बरेच जण १९३३ च्या टोरांटोतल्या ख्रिस्टी पिट्स दंगलीशी जोडतात. प्रेमाचं गाणं आणि द्वेषाचा इतिहास एकाच दमात. २०११ मध्ये बँड खरोखर त्या गावात जाऊन वाजवून आला, तेव्हा हजारो लोक तिथे लोटले. सीमेपलीकडच्या बाजारासाठी त्यांनी हे गाव पुसून एखादं सोयीचं नाव घातलं असतं तर? तुमच्या मोजपट्टीवर ते कदाचित मोठे झाले असते. माझ्यासाठी त्यांचं मोल तिथेच संपलं असतं. ‘अप टू हिअर’ आणि ‘फुली कम्प्लीटली’ कॅनडात डायमंड ठरले, म्हणजे प्रत्येकी दहा लाख प्रती, आणि तेही आजच्यापेक्षा लोकसंख्या बरीच कमी असताना. याला मी अपयश कसं म्हणू?

आजारपणाच्या लाटेबद्दल जरा कडक बोलणार आहे, कारण तो मुद्दा मला लागला. २४ मे २०१६ ला डाउनीच्या मेंदूच्या असाध्य कॅन्सरची बातमी आली. त्याआधीच, फेब्रुवारी १९९९ मध्ये, टोरांटोच्या नव्या एअर कॅनडा सेंटरमधली पहिली मैफल याच बँडची होती. २००५ मध्ये कॅनेडियन म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०१२ मध्ये किंग्स्टनने स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं. तेव्हा कुणीही आजारी नव्हतं.

शेवटच्या दौऱ्यात पंधरा मैफली होत्या. तिकिटं सॉफ्टवेअरने घाऊक उचलून काळ्या बाजारात गेली. लोक इतके चिडले की ऑन्टारिओ सरकारला २०१७ मध्ये तिकीटविक्रीवर कायदा करावा लागला. २० ऑगस्ट २०१६ ला किंग्स्टनची मैफल सीबीसी या सरकारी वाहिनीने जाहिरातींशिवाय दाखवली आणि १ कोटी १७ लाख लोकांनी ती पाहिली, म्हणजे देशातला जवळपास तिसरा माणूस. डाउनीची स्मरणशक्ती ढासळली होती, शब्दांसाठी समोर पडदे लावलेले होते. चकाकत्या सुटात, पिसांच्या टोपीत तो उभा. ‘ग्रेस, टू’ या गाण्याच्या शेवटी त्याचा आवाज किंचाळीत फुटतो, तो रडतो, आणि बाकीचे चौघे वाजवत राहतात. तुम्हाला ते भावनेचं प्रदर्शन वाटलं. मला तिथे तेच दिसलं जे १९९१ च्या रॉक्सीत होतं: गायक कुठेही जाऊ दे, ठेका सोडायचा नाही.

आणि हळवेपणाचा फायदाच उठवायचा असता तर त्या रात्री तो स्वतःबद्दल बोलला असता. पंतप्रधान जस्टिन ट्रूडो प्रेक्षकांत होते. डाउनीने त्यांचं नाव घेऊन उत्तरेतल्या आदिवासी लोकांचा विषय काढला, तिथे काय चाललंय याकडे दुर्लक्ष करायलाच आपल्याला जन्मभर शिकवलं गेलं, असं लाखो लोकांसमोर सांगितलं. दोन महिन्यांत ‘सीक्रेट पाथ’ हा त्याचा स्वतंत्र अल्बम आला. बारा वर्षांचा चेनी वेंजॅक १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये केनोराजवळच्या, आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेतून पळाला, शेकडो किलोमीटर लांबच्या घराकडे रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालू लागला आणि थंडीने मेला. या मुलावरच्या दहा कविता डाउनीने आजाराच्या बऱ्याच आधी लिहायला घेतल्या होत्या. १७ ऑक्टोबर २०१७ ला, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. उरलेलं आयुष्य त्याने कशावर खर्च केलं ते बघा आणि मग ‘लाट’ हा शब्द वापरायचा का ते ठरवा.

राहिले २००० नंतरचे अल्बम. ‘वर्ल्ड कंटेनर’ आणि ‘वुई आर द सेम’ या दोहोंत बॉब रॉक या निर्मात्याचं काम जरा जास्तच गुळगुळीत आहे, त्यावर आपलं भांडण होणार नाही. पण २०१२ चा ‘नाऊ फॉर प्लॅन ए’ ऐका. बायकोच्या कॅन्सरच्या दिवसांत डाउनीने लिहिलेली ही गाणी त्याच्या एरवीच्या कोड्यांपेक्षा कितीतरी उघडी आहेत. आणि ‘मॅन मशीन पोएम’ जून २०१६ मध्ये आला म्हणून लोक त्यात निरोपाच्या खुणा शोधतात, पण तो अल्बम निदान होण्यापूर्वीच रेकॉर्ड झाला होता. तो तारीख विसरून, हेडफोन लावून, एका बैठकीत ऐका. त्यानंतरही ‘काही केलं नाही’ असंच वाटलं तर परत लिहा, मी गाणं गाणं घेऊन वाद घालायला तयार आहे.