गाडीचे कल्ले

आजोबांच्या वाटणीचं गोव्यातलं, बार्देशातलं माडांचं भाट शेवटी विकलं गेलं. पंचवीस माड, एक पडकी विहीर आणि चार भावंडांतला तीस वर्षांचा अबोला, हा सगळा ऐवज दिल्लीच्या कुणीतरी विकत घेतला. माझ्या वाट्याला जे आलं त्यातून बायकोने आधी घराच्या कौलांचा खर्च काढला, मग लेकीची फी, मग फिक्स डिपॉझिट. उरलेल्या रकमेकडे बघून म्हणाली, "याचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या धक्क्यातच तोंडातून निघून गेलं, "स्पोर्ट्स कार."

ती "बरं" म्हणाली. ओरडली असती तर विषय तिथंच मिटला असता.

माझ्या वयाच्या मराठी माणसाच्या डोक्यात हे खूळ कुणी भरवलं ते सांगायला नको. २००२ साली सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरने सचिनच्या हाती फेरारी ३६० मोडेनाची किल्ली ठेवली, आणि पुढे कित्येक महिने आमच्या चोडणच्या फेरीबोटीत लोक कव्हर ड्राइव्ह सोडून कस्टम ड्युटीवर बोलत होते. ती १ कोटी १३ लाखांची ड्युटी शेवटी फियाटने भरली. मी तेव्हा बँकेत कारकून. गाडी राहू द्या, नुसती ड्युटी फेडायलाच मला किती जन्म लागतील याचा हिशेब मी काउंटरवर बसून चेकच्या पाठीवर केला होता. (चेक रद्द झालेला होता.)

आता जुन्या गाडीचा विचार करता येत होता. सल्लागार म्हणून भाचा नेमला. तो वेर्ण्याला कारखान्यात आहे आणि जगातल्या कुठल्याही गाडीचं दुखणं त्याला तोंडपाठ असतं. तो म्हणाला, "मामा, या गाड्या घेताना स्वस्त पडतात. ठेवताना कळतं."

पहिल्यांदा फेरारी. १९९४ ला आलेली ३५५ बघून माझे डोळे पाणावले. भाच्याने ते लगेच पुसले. त्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी चालवा नाहीतर चादर घालून ठेवा, ठराविक वर्षांनी बेल्ट बदलायचाच, कारण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वय कळतं. पुढच्या ३६० मध्ये त्यांनी दया दाखवली. सीटच्या पाठचं झाकण काढलं की बेल्टपर्यंत हात पोचतो. म्हटलं, मग सचिनवालीच घेऊ. तर म्हणे त्या काळातल्या फेरारींच्या आत बटणांवर मऊ रबरासारखा लेप असतो, आणि उष्ण, दमट हवेत तो चिकट होतो.

"फणस कापल्यावर हात होतात तसा?"

"अगदी तसा."

"मग आधी हाताला खोबरेल लावून बसायचं."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉपवर पुढची गाडी उघडली.

ती लॅम्बोर्गिनी गयार्डो. ट्रॅक्टरवाल्याने काढलेली कंपनी म्हणून माझ्या मनात तिच्याविषयी आपुलकी होती, गावच्या रस्त्याची तिला थोडी जाण असेल असं वाटलं होतं. गाडीची उंची ११६५ मिलिमीटर, म्हणजे पहिलीतलं पोर. आत मी कसाबसा शिरेन, पण बाहेर काढायला अग्निशमन दल लागेल. तिच्यात ई-गिअर असतो. क्लचचं पेडल नसतं, गिअर आपोआप पडतात, पण आत क्लच असतो तो झिजणाराच. गर्दीत इंच इंच रांगत नेली, चढावर मागे घेतली, की तो बसलाच. किती झिजला ते संगणक जोडून कळतं. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथून रांगण्याखेरीज दुसरी कुठली हालचाल मी केलेली नाही. म्हापशाहून पणजीला येईपर्यंत भाटाचे पाच माड क्लचमध्ये गेले असते.

"होंडाची एनएसएक्स भरवशाची होती," भाचा म्हणाला. "१९९० ची. लोक रोज ऑफिसला न्यायचे."

"मग ती बघ ना!"

"इथं कुठं मिळायला?"

भरवशाच्या गोष्टींचं हे असंच असतं.

अशी दोन महिने माझी जागरणं चालू असताना आसगावला एक पोर्शे बॉक्स्टर असल्याची बातमी आली. २००८ ची, चालली फक्त १९ हजार किलोमीटर, किंमत नव्या इनोव्हाएवढी. १९ हजार ऐकून मी पेढे आणायला निघालो होतो. भाचा म्हणाला, "तोच तर घोळ. चालणारी गाडी बरी, मामा. उभी राहिली की सील वाळतात, बॅटरी मरते, टाकीत पेट्रोल शिळं होतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं. आणि २००८ म्हणजे..." इथं तो थांबला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आयएमएस बेअरिंग."

त्या रात्री मला कळलं ते असं. या इंजिनात क्रँकशाफ्टची चाल कॅमशाफ्टकडे पोचवणारा एक मधला दांडा असतो, तोच आयएमएस. त्याच्या टोकाचं बेअरिंग फुटलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिन भंगारात. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवून हे बेअरिंग बदलता तरी येतं. २००६ ते २००८ च्या गाड्यांत मोठं आणि दणकट बेअरिंग घातलं, ते सहसा जात नाही, पण बदलायचं म्हटलं तर इंजिनच फोडावं लागतं. २००९ च्या नव्या इंजिनात त्यांनी तो दांडाच ठेवला नाही. म्हणजे आसगावची गाडी आमच्या थोरल्या काकांच्या जातीची. कधी आजारी पडत नाहीत, पडले की थेट बांबोळीचं मोठं इस्पितळ.

तरी बघायला काय जातं, म्हणून शुक्रवारी निघालो. म्हापशाचा बाजार असतो म्हणून बायकोही आली, पिशव्या घेऊन. म्हापशाहून माझा नेहमीचा मेकॅनिक घेतला. तीस वर्षं स्कूटर आणि मारुती करणारा सज्जन माणूस. वाटेत त्याने तीनदा विचारलं की मला सगळं बरं आहे ना.

मालक दिल्लीचे, वागायला गोड. गाडीही दिल्ली पासिंगची. १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीला तिथं थारा नव्हता, म्हणून तीही मालकांसारखीच गोव्याला निवृत्त झालेली. आंब्याखाली उभी होती, चांदीच्या रंगाची. कागद मात्र अजून दिल्लीतच. एनओसी येणार होती. विचारलं कधीपासून येतेय, तर मालक आंब्याकडे बघू लागले. रजिस्ट्रेशनची १५ वर्षं उलटून गेलेली. म्हणजे फॉर्म २८, मग २९, मग ३०, गोव्याचा रोड टॅक्स, शिवाय फिटनेस. बँकेत जन्म काढलेला माणूस मी, मला फॉर्म मनापासून आवडतात. पण इतके?

मेकॅनिकने हात पुसून पुढचं बॉनेट उघडलं. आत सामान ठेवायची डिकी. तो समजुतीने हसला, असतात काही गाड्यांची इंजिनं मागे. मागे गेला, तिकडचं झाकण उघडलं. तिथंही डिकी. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

"पात्रांव," तो हळूच म्हणाला, "हांतूंत इंजीनूच ना मरे!"

मालकांनी खुलासा केला, इंजिन मधोमध आहे, सीटच्या पाठी. बघायचं तर कापडी टप अर्धा उचलून, कार्पेट काढून, खालचं झाकण खोलावं लागतं. मागच्या डिकीत दोन टोपणं आहेत, एक ऑइलचं, एक कूलंटचं. मालकाने तेवढंच बघायचं. मेकॅनिकने ती दोन टोपणं देवघरातल्या पंचपात्रीसारखी अदबीने उघडली, लावली आणि बाजूला जाऊन विडी पेटवली. त्याच्या हिशेबी काम संपलं होतं.

मग बायको पुढे झाली.

या बाईला मी सत्तावीस वर्षं बाजारात पाहतो आहे, पिशव्या धरून, कंटाळून. इसवण, म्हणजे सुरमई मासा, समोर आला की आधी ती त्याच्या डोळ्यांत बघते. डोळा पांढुरका आणि आत गेलेला असेल तर पुढे सरकते. मग कल्ले उघडते, लाल की तपकिरी. मग पोटाला बोट. शेवटी वास. विकणारीण काय बोलते आहे ते तिच्या कानांपर्यंत पोचतच नाही.

ती गाडीच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि हेडलाइटकडे बघून म्हणाली, "डोळे पांढरे पडलेत."

पडले होते. काच धुकट, पिवळसर.

"कल्ले कुठं असतात याचे?"

भाच्याने काच पुसायच्या ब्लेडखालची जाळी दाखवली, पाणी निघून जायची भोकं तिथं. तिने केसांतली पिन काढली, जाळीत घातली आणि वाळलेल्या आंब्याच्या पानांचा बोळा बाहेर ओढला. पाठोपाठ दुसरा. मालक म्हणाले, "सीझनल है." मग तिने टायरवर अंगठा दाबला. कडेला बारीक बारीक चिरा, भेगाळलेल्या टाचेसारख्या.

"टायर बिलकुल नये हैं," मालक म्हणाले, "चले कहाँ हैं?"

"हे २३१४ काय लिहिलंय?" तिने विचारलं.

भाच्याचा चेहरा उजळला. टायरवरचे ते चार आकडे म्हणजे जन्मतारीख, २०१४ चा २३ वा आठवडा. आमची लेक तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आता डिग्रीला आहे.

शेवटी तिने दार उघडून पायांखालच्या मॅटमध्ये हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि हात माझ्यासमोर धरला. गणपतीनंतर बंद राहिलेल्या खोलीला येतो तो वास. पानांनी तुंबलेलं गोव्याच्या चार महिन्यांचं पाणी दुसरं जाणार कुठं?

पोर्शेचं नाव, आयएमएस, २००८ की २००९, यासाठी मी रात्री जाळल्या होत्या. इंजिन एखादवेळी अजून वीस वर्षं चाललं असतं. हिला पंधरा मिनिटांत कळलं ते वेगळंच, की या गाडीकडे कुणी बघितलेलं नाही.

एवढ्यात मालकांनी किल्ली फिरवली.

आता खरं सांगतो. सहा सिलिंडर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे झोपलेले, आणि तुमच्या मानेच्या मागे जागे होतात. भजनात पखवाजवाला सुरुवातीला नुसता हात फिरवतो, तसा आवाज. मग मालकांनी पेडल जरा दाबलं आणि आंब्यावरचे कावळे उडाले. इन्शुरन्स संपलेला, म्हणून आतल्या आत फाटकापर्यंत दोनदा नेली. चिऱ्याच्या दोन गडग्यांमधून पंचवीस मीटर पुढे, पंचवीस मागे. एवढ्या अंतरात माझी कंबर, गुडघे आणि अक्कल तिन्ही गेली.

परतताना बायको बराच वेळ गप्प होती. पर्वरीच्या रांगेत म्हणाली, "आवाज चांगला आहे हो."

त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला. टायर बदलता येतात, मॅट वाळवता येते. पण एक गोष्ट आम्ही सगळेच विसरलो होतो, ती फेरीबोटीच्या खलाशाने लक्षात आणून दिली. आम्ही राहतो चोडणला. पणजीला जायचं तर रायबंदरची फेरीबोट, नाहीतर मयेमार्गे भला मोठा वळसा. भरतीला बोट धक्क्याला समांतर लागते, काही त्रास नाही. ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला उतार संपतो आणि बोटीचा रॅम्प वर चढतो, तिथं मधे खळगा पडतो. स्कूटरचंसुद्धा स्टँड घासतं. या गाडीचं तर तोंडच जमिनीला लागलेलं.

भाचा शास्त्रीय वृत्तीचा. त्याने गणेशचतुर्थीच्या मखराचा उरलेला पुठ्ठा घेतला, दोन चाकांतलं अंतर २४१५ मिलिमीटर धरून गाडीची कूस आखली, पुढचं नाक कापलं आणि रविवारी ओहोटीला आम्ही दोघं ती अर्धी बॉक्स्टर डोक्यावर घेऊन धक्क्यावर गेलो. भाच्याने मागचं चाक धरलं, मी पुढचं. उतारावरून सावकाश खाली आणली. बोटीतले लोक मोबाइल काढून उभे. चाक रॅम्पला लागण्याआधीच नाक टेकलं, वाकलं आणि ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा मांडवीतून वाहत चालला. फेरी दोन मिनिटं थांबवून खलाशाने तो गळाने काढून दिला.

"भरतीक हाड, पात्रांव," तो म्हणाला. "नाक लागचें ना." भरतीला आण, नाक टेकणार नाही, असं त्याचं म्हणणं.

शेजारच्या आबांनी तर हिशेबच सांगितला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तासभर इकडेतिकडे. म्हणजे अष्टमीला सहाला जायचं. संकष्टीला तीनला. मी खरोखर वहीत मांडून पाहिलं. एकादशीला पणजीत नाटक बघून त्याच रात्री घरी यायची सोय नव्हती.

मालकांचा फोन दर आठवड्याला येतो. पहिल्यांदा एक लाख कमी, मग दोन, आता साडेतीन. दर फोनला मी बायकोकडे बघतो. ती कोथिंबीर निवडत म्हणते, "बाजार उठायला आला वाटतं." मी अजून नाही म्हटलेलं नाही. हो पण नाही.

खलाशी मात्र रोज सकाळी माझी स्कूटर चढली की विचारतो, "पात्रांव, ती गाडी खंय पावली?"

"टायर बदलूंक घातल्यात," मी सांगतो.