मिसुलाची रायफल, साताऱ्याची कमिटी

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकट्यानं घ्यायची पद्धत नाही. मिक्सर असो नाहीतर म्हैस, आधी कमिटी बसते, कमिटीतल्या निम्म्या माणसांनी ती वस्तू जन्मात हाताळलेली नसते आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो. आता भाचा असतो अमेरिकेत, मोंटाना राज्यात मिसुला नावाच्या गावात, तिकडं डोंगर आहेत, झाडी आहे, हरणं आहेत, ऑफिसातली सगळी शिकारीला जातात म्हणून ह्यालाही जायचंय. त्यासाठी लिव्हर ॲक्शन रायफल, म्हणजे मुठीजवळचा दांडा खाली-वर ओढला की पुढची गोळी भरते ती, घ्यायची म्हणाला आणि कुठली घ्यावी ते विचारलं कुणाला, तर मला. का, तर मी कॉलेजात एनसीसीला होतो! पॉइंट टू टू रायफलीनं काही गोळ्या झाडल्यात, त्यातल्या टार्गेटला लागलेल्या कुणाच्या ते आजपर्यंत ठरलेलं नाही, पण खानदानात शस्त्रतज्ज्ञ मीच.

व्हिडिओ कॉलवर त्याची सकाळ म्हणजे आमची जेवणाची वेळ, त्यामुळं कमिटी आयतीच जमलेली. सासरे, म्हणजे आबा, अपशिंगे मिलिटरी गावचे, रिटायर्ड सुभेदार. पाटणचा तात्या पंचायत समितीच्या कामाला म्हणून साताऱ्यात आलेला. आमची ही. आणि ताई, भाच्याची आई, गळ्यात माळ, पंढरीची वारी कधी चुकवलेली नाही. हरणाचा विषय तिच्यापुढं निघू नये म्हणून मी आधी खुणा करत होतो, पण व्हिडिओत भाच्याला फक्त माझं कपाळ दिसत होतं.

तात्यानं पहिला प्रश्न लायसनचा काढला. त्याच्याकडं वडिलांपासूनची बारा बोअर आहे आणि तो विषय निघाला की त्याला थांबवता येत नाही. निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा, आधी ग्रामपंचायत, मग झेडपी, मग विधानसभा, मग लोकसभा, त्याच्या म्हणण्यानुसार बंदूक घरापेक्षा ठाण्यातच जास्त सुखात असते. भाचा म्हणाला, तात्या, मी एच-वन-बी व्हिसावर आहे, आमच्यासारख्यांना इकडं बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचं लायसन काढलं की येते. हे ऐकून तात्या हातातली भाकरी खाली ठेवून बसला. बरोबरच आहे की, आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारच बंद, बंदूक पाहिजे तर १९५९ चा आर्म्स ॲक्ट आणि ऑफिसांचे उंबरे, त्यातही पिकाच्या राखणीसाठी म्हणाल तर कायद्यात तोंडाकडनं भरायची ठासणीची बंदूक लिहिलीय. म्हणजे भुईमुगात रानडुकरं घुसली की त्यांना म्हणायचं, थांबा जरा पाव्हणं, दारू ठासून होऊ दे. आणि कोयनेच्या जंगलातनं गवा उतरला तर काहीच म्हणायचं नाही, लांबनं नमस्कार करायचा.

आता मूळ मुद्दा. मी रात्री जागून जेवढं वाचलं होतं तेवढं एका दमात सांगून टाकलं. विन्चेस्टरची १८९४ ची, जॉन ब्राउनिंगनं काढलेली, हलकी, देखणी, पण जुन्या मॉडेलांत रिकामं काडतूस वरनं उडतं, त्यामुळं दुर्बीण बरोबर मधोमध बसवता येत नाही, १९८२ नंतर ते जरा बाजूला उडायला लागलं. मार्लिन ३३६ ही १९४८ ची, हिचं काडतूस सुरुवातीपासनंच बाजूनं जातं, वरचा भाग सपाट बंद, दुर्बीण आरामात बसते. हेन्रीची पितळी बॉडीची पण मिळते. आमची ही लगेच म्हणाली पितळीच घे रे, दिसायला चांगली. ताई म्हणाली, आणि घासणार कोण, तिकडं चिंच मिळते का?

तात्याचं म्हणणं, सगळ्यात मोठी गोळी असंल ती घे. फोर्टी फाइव्ह सेव्हंटी नावाची आहे, १८७३ ची, तिकडं अस्वलं असतात म्हणून लोक घेतात. मी म्हटलं अरे हरणाला कशाला एवढं, ह्याचा खांदा निखळायचा, थर्टी-थर्टीची गोळी बास आहे, १८९५ पासनं अमेरिकेतली निम्मी हरणं तिच्यावरच गेली असतील (हे मी ठोकून दिलं), दीडशे यार्डांच्या आतबाहेर चांगली चालते आणि ह्याला झाडीतच फिरायचंय. उघड्या माळावर लांबनं मारायचं असतं तर बोल्ट ॲक्शनच, कडेचा खिट्टा मागंपुढं ओढून भरायची ती, घे म्हणालो असतो.

बोल्ट म्हटल्यावर आबा जागे झाले. "ह्या लिव्हरवालीत गोळ्या कुठं ऱ्हात्यात?"

नळीखाली दुसरी नळी असते आबा, त्यात एकीमागं एक. म्हणून गोळीचं टोक चपटं लागतं, टोकदार असलं आणि धक्का बसला तर मागचीचं टोक पुढचीच्या बुडाला, पेटायच्या जागेवरच बसायचं. आता मऊ रबरी टोकाच्या पण निघाल्यात.

"म्हंजी स्वतःच्याच गोळीला भ्यायचं?" आबा. "आन पालथं पडल्यावर ती लिव्हर खाली कशी वढायची? कोपराखाली जमीन का खड्डा?"

ह्याला मात्र उत्तर नाही, खरंच आहे ते. आबा बेळगावला पालथं पडून थ्री नॉट थ्री शिकलेले, चार किलोची. पुढचा बराच वेळ आबांनी जेवणाच्या ताटापुढं सतरंजीवर पालथं पडून पोझिशन दाखवली, वय ऐंशीच्या पुढं, मग उठवायला मी आणि तात्या. भाचा तिकडं स्क्रीनशॉट काढत होता. शेवटी मार्लिन, थर्टी-थर्टी, दुर्बीण नंतर, आधी दुकानात जाऊन खांद्याला लावून बघायची, मागचा घोडा, म्हणजे हॅमर, अंगठ्यानं सावकाश सोडता येतोय का ते बघायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे सगळे दमले.

तेवढ्यात ताई म्हणाली, "रायफल घे बाळा. फक्त हरणाकडं धरू नको."

कॉल गेला का काय असं वाटण्याइतकी शांतता. मग भाच्यानं समजूत काढली, आई, नियमात असतं सगळं, अंगावर चारशे चौरस इंच नारंगी कापड घालायची सक्ती आहे, म्हणजे माणसाला माणूस दिसावा. नारंगी ऐकून ताई जरा निवळली. पण एकादशीला नाही, म्हणाली. त्यांचा सीझन ऑक्टोबरच्या अखेरीपासनं पाच आठवडे, म्हणजे दोन एकादश्या नक्की आणि कार्तिकी हमखास त्यातच. बरं, नाही एकादशीला. सोमवार महादेवाचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. मंगळवार, बुधवार, शुक्रवार त्याला ऑफिस. उरला रविवार, तोही एकादशी नसली तर.

आबांनी चूळ भरली. "रविवार बास हाय. फकस्त पालथं पडू नको."